लांगालिबालेले यांचं प्रत्यार्पण आणि बिशप कोलेन्सो यांचं अपील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रकरण नेमकं काय आहे?

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीत ह्लुबी नावाचा एक समाज राहत होता. त्यांचे प्रमुख लांगालिबालेले 1873 साली सरकारचं बोलावणं टाळून डोंगरापलीकडे निघून गेले. शेजारच्या बासुटोलँडमध्ये (आजच्या लेसोथोत) त्यांना पकडून नाताळच्या हवाली करण्यात आलं. त्यांच्यावर खटला चालला, जन्मभराच्या हद्दपारीची शिक्षा झाली आणि त्यांना केप वसाहतीतल्या रॉबेन बेटावर पाठवण्यात आलं. हे सगळं अन्यायानं झालं असं लेखी, पुराव्यानिशी आणि न थकता सांगणारा एक गोरा माणूस त्या वसाहतीत होता. तो मिशनरी होता आणि बिशपही होता: जॉन विल्यम कोलेन्सो.

'नाताळ' म्हणजे आपला ख्रिसमसचाच शब्द का?

हो, तोच. वास्को द गामा हिंदुस्थानकडे येत असताना 1497 च्या ख्रिसमसच्या सुमारास त्याला हा किनारा दिसला, म्हणून त्यानं पोर्तुगीजमध्ये त्याला ते नाव दिलं. आपल्याकडे सणाला 'नाताळ' म्हणतात तेही पोर्तुगीजांमुळेच. गांधीजींच्या चरित्रातून हे नाव मराठी वाचकाच्या ओळखीचं झालेलं आहे. या पानावर 'नाताळ' म्हणजे ती वसाहत, जिचा प्रदेश आज क्वाझुलू-नाताळ प्रांतात येतो.

लांगालिबालेले कोण होते?

ह्लुबी लोक मूळचे झुलू राज्याच्या बाजूचे. 1848 साली झुलू राजा म्पांडे याच्याशी बिनसल्यावर ते नाताळमध्ये आले. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना ड्रेकेन्सबर्ग डोंगराच्या पायथ्याशी जमीन दिली, पण त्यात सरकारचा स्वार्थ होता. डोंगरातून सान लोक, म्हणजे तिथले मूळचे शिकारी, उतरून गोऱ्यांची गुरं पळवत, त्यांच्या वाटेवर कुणीतरी हवं होतं. थोडक्यात, ह्लुबींना कुंपण म्हणून तिथं वसवलं. पुढची वीसेक वर्षं त्यांनी तिथं शेती केली, गुरं वाढवली, संख्येनंही वाढले. लांगालिबालेले पाऊस पाडणारे म्हणून दूरवर प्रसिद्ध होते. नावाचा अर्थ मात्र उलटा: 'सूर्य तळपतो आहे' असा काहीसा.

भांडण कशावरून पेटलं?

बंदुकांवरून. किंबर्लीला हिऱ्यांच्या खाणी सुरू झाल्यावर ह्लुबी तरुण तिथं मजुरीला जाऊ लागले. खाणमालकांना मजूर हवे होते आणि मजुरांना बंदुका हव्या होत्या, त्यामुळे मोबदल्यात बंदूक मिळत असे. ती घेऊन पोरगा घरी आला की नाताळच्या कायद्यानं तिची नोंद करायला हवी. लोकांचा अनुभव असा की नोंदीला नेलेली बंदूक परत मिळेलच याची खात्री नाही. एस्टकोर्टच्या मॅजिस्ट्रेटनं लांगालिबालेलेंकडे बंदुकवाल्या तरुणांची नावं मागितली. कोणाकडे बंदूक आहे ते मला कसं कळणार, अशा अर्थाचं उत्तर गेलं. मग राजधानी पीटरमॅरिट्झबर्गला हजर होण्याचे निरोप आले. ते गेले नाहीत.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ह्याच बंदुका गोऱ्या खाणमालकांनी दिल्या होत्या, उघडपणे. देणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

न जाणं हे बंड झालं का?

सरकारनं तसंच धरलं. ऑक्टोबर 1873 च्या अखेरीस फौज निघाली. लांगालिबालेले पुरुष आणि गुरं घेऊन डोंगर चढून पलीकडे जायला निघाले. वसाहतीशी लढण्याऐवजी वसाहत सोडून जायची, हा त्या भागातला जुना मार्ग होता. ते स्वतः नाताळमध्ये आले तेही असेच.

4 नोव्हेंबरला बुशमन्स नदीच्या खिंडीच्या माथ्यावर मेजर डर्नफर्ड यांची तुकडी आडवी आली. पहिली गोळी आपण झाडायची नाही असा त्यांना हुकूम होता. चकमकीत सरकारी बाजूचे पाच जण मेले: तीन गोरे स्वयंसैनिक आणि दोन आफ्रिकन. डर्नफर्ड यांचा डावा हात कायमचा निकामी झाला. लांगालिबालेले स्वतः तोवर पुढे निघून गेलेले होते.

या पाच मृत्यूंचा सूड फार मोठा घेतला गेला. मागं राहिलेल्यांत बहुतेक म्हातारे, बायका आणि मुलं होती. त्यांच्या वस्त्या जाळल्या, गुहांत लपलेल्यांवर गोळ्या झाडल्या, गुरं जप्त केली, जमीन काढून घेतली आणि बायका-मुलं गोऱ्या शेतकऱ्यांकडे मजुरीला वाटून दिली. शेजारच्या पुटिनी लोकांनी ह्लुबींची गुरं आपल्या कळपात लपवली असा ठपका ठेवून त्यांनाही तसंच लुटलं. पुटिनींनी तर एक गोळीही झाडलेली नव्हती.

बासुटोलँडनं त्यांना परत कसं दिलं? ते कायदेशीर प्रत्यार्पण होतं का?

आज प्रत्यार्पण म्हटलं की आपल्यासमोर एक रीत येते. मागणी करणाऱ्या देशानं कागद पाठवायचे, आश्रय देणाऱ्या देशातल्या न्यायाधीशानं ते तपासायचे, पकडलेल्या माणसाला आपलं म्हणणं मांडू द्यायचं आणि मग निर्णय. इथं असलं काही झालं नाही.

बासुटोलँड तेव्हा केप वसाहतीच्या अमलाखाली होतं. लांगालिबालेलेंना आशा होती मोलापो यांची, म्हणजे थोर राजे मोशोएशो यांच्या मुलाची. मोशोएशो 1870 मध्ये वारले होते आणि मोलापोंना इंग्रजांची मर्जी राखायची होती. 11 डिसेंबर 1873 रोजी लेरिबेजवळ मोलापोंच्या माणसांनी पाहुण्यांना विश्वासात घेऊन ताब्यात घेतलं आणि केपच्या पोलिसांच्या स्वाधीन केलं. जप्त गुरांतली काही मोलापोंना बक्षीस मिळाली. पोलिसांनी कैदी नाताळला दिले. ना सुनावणी, ना हुकूमनामा. वर्ष सरता सरता बेड्या घातलेले लांगालिबालेले पीटरमॅरिट्झबर्गला पोचले.

दोन्हीकडे राणीचंच राज्य, मग सरहद्द कसली, असा युक्तिवाद करता येतो. पण हद्दपारीची वेळ आली तेव्हा नाताळ आणि केप हे दोन वेगळे मुलूख आहेत हे त्याच सरकारांना नीट आठवलं. त्याबद्दल पुढे येईलच.

खटला कसा चालला?

16 जानेवारी 1874 ला सुरू झाला, 9 फेब्रुवारीला शिक्षा सुनावली. न्यायासनावर बसले लेफ्टनंट गव्हर्नर सर बेंजामिन पाइन, म्हणजे ज्यांनी फौज पाठवली तेच. शेजारी थिओफिलस शेपस्टोन, देशी लोकांच्या कारभाराचे सचिव, म्हणजे ज्यांचे निरोप नाकारल्याचा आरोप होता तेच. सोबत कार्यकारी मंडळाचे सभासद, काही मॅजिस्ट्रेट आणि काही आफ्रिकन प्रमुख. पाइन तिथं 'सर्वोच्च प्रमुख' या नात्यानं देशी रिवाजाप्रमाणे न्याय करत होते असं सांगितलं गेलं. आरोप मात्र राजद्रोहाचा आणि बंडाचा, इंग्रजी कायद्याच्या भाषेतला. आरोपीला वकील नाही. साक्षीदारांची उलटतपासणी नाही.

वकील मिळालाच नाही का?

हॅरी एस्कंब नावाचे डर्बनचे वकील बचावाला उभे राहायला तयार झाले. त्यांच्यावर घातलेल्या अटी अशा होत्या की शिक्षा सौम्य करा एवढंच म्हणता येईल, आरोप खोडून काढता येणार नाहीत. असलं वकीलपत्र त्यांनी घेतलं नाही. हेच एस्कंब पुढे नाताळचे ॲटर्नी जनरल झाले, आणि 1894 मध्ये गांधीजींचा वकिलीच्या सनदेचा अर्ज त्यांनीच कोर्टापुढे ठेवला. तीनच वर्षांनी डर्बनच्या धक्क्यावर गांधीजींविरुद्ध गोऱ्यांची जी चिथावणी झाली तिच्यामागेही तेच होते. माणसाचं एकच काम बघून मत बनवू नये, चांगलंही आणि वाईटही.

कोलेन्सो कोण होते?

जन्म 1814, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. गणिताचे शिक्षक; त्यांची अंकगणिताची पुस्तकं इंग्लंडच्या शाळांत चालत. 1853 मध्ये नाताळचे पहिले बिशप झाले. पीटरमॅरिट्झबर्गबाहेर त्यांनी 'एकुखान्येनी', म्हणजे प्रकाशाचं ठिकाण, ही मिशन वसाहत उभी केली. तिथं शाळा होती आणि छापखाना होता. झुलू भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश त्यांनी केला. लोक त्यांना 'सोबांतू' म्हणत, म्हणजे लोकांचा बाप.

चर्चशी त्यांचं आधीच वाजलेलं होतं. बायबलचं भाषांतर करताना त्यांचे झुलू सहकारी विल्यम न्गिडी यांनी नोहाच्या प्रलयाबद्दल विचारलं: हे सगळं खरंच असं घडलं का? कोलेन्सोंना हो म्हणता येईना. त्यांनी जुन्या करारातल्या आकड्यांची गणिती छाननी करून 1862 पासून ती प्रसिद्ध केली. केपटाऊनच्या वरिष्ठ बिशपनं त्यांच्यावर पाखंडाचा खटला चालवला आणि पुढे बहिष्कारही घातला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, 1865 मध्ये त्या बिशपला तसा अधिकारच नसल्याचं ठरवलं, म्हणून कोलेन्सो पदावर राहिले.

हे इथं सांगायचं कारण आहे. अधिकृत म्हणून समोर आलेला मजकूर ओळीओळीनं तपासायचा आणि प्रश्न विचारणाऱ्या काळ्या माणसाचं म्हणणं गंभीरपणे घ्यायचं, या दोन सवयी त्यांना त्या वादात लागल्या. लांगालिबालेले प्रकरणात त्यांनी सरकारी दप्तराचं तेच केलं.

त्यांचा आक्षेप नेमका कशावर होता?

अनेक गोष्टींवर, पण सगळ्यात बोलका मुद्दा एका कोटाचा आहे.

शेपस्टोन यांनी लांगालिबालेलेंकडे माहोयिझा नावाचा दूत पाठवला होता. तो परत येऊन म्हणाला की ह्लुबींनी माझे कपडे उतरवले, माझी विटंबना केली. राणीच्या सरकारच्या दूताला नागवं केलं! या एका वाक्यावर वसाहत खवळली आणि खटल्यात ते बंडाचा पुरावा म्हणून वापरलं गेलं.

कोलेन्सोंना झुलू बोलता येत होतं. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी तिथं हजर असलेल्यांना शोधून एकेकाला विचारलं. निष्पन्न झालं ते असं: दूताला वरचे कोट काढायला सांगितले होते. अंगावर शर्ट आणि पँट होतीच. कोट का काढायला लावले? आत शस्त्र आहे का ते बघायला. आणि ही शंका का आली? कारण 1858 मध्ये मात्शाना नावाच्या दुसऱ्या एका प्रमुखाला सरकारी माणसानं बोलणी करायला बोलावलं होतं, निःशस्त्र यायला सांगितलं होतं, आणि स्वतः मात्र पिस्तूल लपवून बसला होता. गोळीबार झाला, मात्शानाची माणसं मेली. तो सरकारी माणूस म्हणजे जॉन शेपस्टोन, सचिवांचा सख्खा भाऊ.

म्हणजे ज्याला उद्धटपणा म्हटलं ती भीती होती, आणि ती भीती सरकारच्याच जुन्या दगाबाजीतून आलेली होती. खटल्यात हे कुणी बोललंच नाही, कारण बोलू शकेल असा वकील आरोपीला नव्हता. पुढे 1875 मध्ये मात्शाना प्रकरणाची स्वतंत्र चौकशी झाली तेव्हा पिस्तूल लपवल्याची गोष्ट खरी निघाली.

मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला भाषा येते आणि जो ऐकून घ्यायला बसतो, त्याच्यापुढं राज्याचा पुरावा गळून पडतो. एकुखान्येनीच्या छापखान्यात हे सगळं छापलं गेलं. तिथले मुद्रक मागेमा फुझे पुढे झुलू भाषेत आपल्या लोकांचा इतिहास लिहिणारे लेखक झाले.

हद्दपारीला कायद्यानं काय हरकत होती?

दोन हरकती, दोन्ही भक्कम. पहिली: खटला जर देशी रिवाजानं चालवला, तर त्या रिवाजात समुद्रापलीकडे जन्मभर पाठवण्याची शिक्षाच नाही. दुसरी: नाताळचा अंमल नाताळच्या सीमेपर्यंत. आपला कैदी दुसऱ्या वसाहतीच्या बेटावर ठेवायचा अधिकार नाताळला कुठून आला?

सरकारलाही ही अडचण समजत होती. म्हणून केपच्या विधिमंडळाकडून 1874 मध्ये खास या कैद्यांसाठी कायदा करून घेतला. आधी शिक्षा, मग तिच्यासाठी कायदा.

कोलेन्सोंनी अपील केलं. ते गेलं कार्यकारी मंडळापुढे, म्हणजे ज्या मंडळाचे लोक मूळ खटल्यात बसले होते त्यांच्याचपुढे. फेटाळलं. कैद्याला वसाहतीबाहेर नेऊ नये म्हणून सुप्रीम कोर्टात धाव घेतली, तिथंही दाद लागली नाही. ऑगस्ट 1874 मध्ये लांगालिबालेले आणि त्यांचा मुलगा मालांबुले यांना जहाजावर चढवलं. आयुष्यभर डोंगरात राहिलेला, साठीच्या आसपासचा हा माणूस रॉबेन बेटावर गेला, जिथं तेव्हा कुष्ठरोगी, वेडे ठरवलेले लोक आणि गुन्हेगार ठेवत.

मग कोलेन्सो लंडनला का गेले?

नाताळमध्ये दार ठोठवायला एकही दार उरलं नव्हतं. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंड गाठलं आणि वसाहत मंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांची भेट घेतली. बाजू मांडायला शेपस्टोनही लंडनला पोचले. कोलेन्सोंच्या हातात सरकारचंच छापील दप्तर होतं आणि त्याच्या प्रत्येक पानावर त्यांची टिपणं. त्यांचं हे परीक्षण पुढे ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांत छापलं गेलं.

निकाल काय लागला? जिंकले की हरले?

डिसेंबर 1874 मध्ये कार्नार्व्हन यांचा खलिता निघाला. खटल्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे होते. पाइन यांना परत बोलावलं. पुटिनींना भरपाई द्यायला सांगितलं. रॉबेन बेटावरून कैद्याला हलवायचं ठरलं.

पण सुटका? नाही. लांगालिबालेलेंना 1875 मध्ये केपटाऊनजवळच्या उइटव्लुख्ट नावाच्या शेतावर नजरकैदेत ठेवलं. नाताळला जायची परवानगी नाही. ह्लुबींना त्यांची जमीन परत मिळाली नाही. आणि ज्या शेपस्टोन यांच्या कारभारातून हे सगळं उपजलं, त्यांना 1876 मध्ये 'सर' हा किताब मिळाला. 'अर्धा विजय' असं याला म्हणतात ते मला पटत नाही. चूक झाली असं सरकारनं मान्य केलं आणि तिचा भार मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्याच माणसाच्या खांद्यावर ठेवला.

कोलेन्सोंना याची काय किंमत मोजावी लागली?

शेपस्टोन त्यांचे वीस वर्षांचे जिवलग मित्र होते. घरोबा होता. ती मैत्री संपली. पाखंडाच्या खटल्यात जे गोरे लोक बिशपच्या पाठीशी उभे राहिले होते त्यांतले बरेच आता त्यांना तोडून गेले. नोहाच्या जहाजावर शंका घेतलेली त्यांना चालली. काळ्या प्रमुखाला न्याय मागितलेला चालला नाही.

डर्नफर्ड हे दुसरे असेच. ज्या ह्लुबींनी त्यांचा हात निकामी केला त्यांच्याविरुद्धच्या सूडबुद्धीत ते सामील झाले नाहीत, पुटिनींना सोडवण्यासाठी त्यांनी धडपड केली, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचा रोष ओढवून घेतला.

मिशनरी हे साम्राज्याचेच हस्तक ना? मग कोलेन्सोंचं कौतुक का?

प्रश्न रास्त आहे. 1873 पर्यंत कोलेन्सो स्वतः शेपस्टोनच्या कारभाराचे समर्थक होते. ब्रिटिश राज्य असू नये असं त्यांनी कधी म्हटलं नाही. राणीचा न्याय खरा आहे, फक्त इथले अधिकारी तो देत नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती. ती श्रद्धा भाबडी होती असं मला वाटतं. पण तिच्यामुळेच ते राज्याला त्याच्याच शब्दांत जाब विचारू शकले. त्यांनी गोळा केलेल्या जबान्या नसत्या तर ह्लुबींची बाजू आज आपल्याला सरकारी दप्तराच्या पलीकडून क्वचितच ऐकू आली असती.

मुंबईशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सुखाचा नाही. मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रेअर (1862 ते 1867) 1877 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे हाय कमिशनर झाले. हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन मुळात त्यांच्याच सन्मानार्थ उभारलेलं. मुंबईत कोटाच्या भिंती पाडून शहर मोकळं करणारे म्हणून त्यांची आठवण काढली जाते. आफ्रिकेत त्यांनी झुलू राजा सेत्श्वायो यांना पाळता येणार नाही असं निर्वाणीचं पत्र धाडून जानेवारी 1879 मध्ये युद्ध सुरू केलं.

22 जानेवारीला इसांडलवानाला इंग्रजांचा दारुण पराभव झाला. डर्नफर्ड तिथंच पडले. सगळी वसाहत सूड मागत असताना 12 मार्चला कोलेन्सोंनी पीटरमॅरिट्झबर्गच्या चर्चमध्ये प्रवचन केलं. वचन घेतलं मीखा संदेष्ट्याचं: न्यायानं वागावं, दयेची आवड धरावी, देवासमोर नम्रपणे चालावं. मग विचारलं की आपण झुलूंशी यातलं काय केलं? फ्रेअर यांच्याशी त्यांचा लेखी वाद पुढेही चालू राहिला.

लांगालिबालेले परत आले का?

1887 मध्ये, तेरा वर्षांनी. तेही पीटरमॅरिट्झबर्गजवळच्या नेमून दिलेल्या जागेत, आपल्या डोंगरापासून लांब. दोन वर्षांत ते वारले. मधल्या काळात त्यांच्या शेजारच्या शेतावर आणखी एक राजकैदी आणून ठेवला होता: हरलेले राजे सेत्श्वायो. 1880 मध्ये कोलेन्सो दोघांनाही जाऊन भेटले. कोलेन्सो स्वतः 20 जून 1883 ला गेले. लांगालिबालेलेंची सुटका त्यांना बघायला मिळाली नाही.

त्यांच्यानंतर हे काम कुणी चालवलं?

मुलींनी, विशेषतः हॅरिएट यांनी. सेत्श्वायोंचे पुत्र दिनुझुलू यांच्यावर 1888-89 मध्ये खटला होऊन त्यांना सेंट हेलेना बेटावर धाडलं, तेव्हा हॅरिएट यांनी वकील उभे केले, पत्रकं छापली, लंडनच्या खेपा केल्या. मुद्रक मागेमा फुझे सेंट हेलेनाला जाऊन दिनुझुलूंचे लेखनिक झाले. 1908 मध्ये दिनुझुलूंना पुन्हा आरोपी केलं तेव्हाही हॅरिएट हजर होत्या. झुलू लोक त्यांना 'उद्लवेद्लवे' म्हणत. वडिलांच्या हातातली काठी, असा त्याचा अर्थ.

यातलं आज काय पाहता येतं?

बुशमन्स नदीच्या त्या खिंडीला आता लांगालिबालेले खिंड म्हणतात. एस्टकोर्टच्या नगरपालिकेला त्यांचं नाव आहे. केपटाऊनमधली लांगा ही जुनी आफ्रिकन वस्ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. ज्या भागात त्यांना कैदेत ठेवलं होतं त्याच्याजवळच ती वसली. रॉबेन बेटावर नेल्सन मंडेला यांची कोठडी बघायला जगभरातून माणसं जातात. लांगालिबालेले त्यांच्या नव्वद वर्षं आधी तिथं कैदेत होते. त्यांची कबर ड्रेकेन्सबर्गमधल्या जायंट्स कासल या शिखराच्या बाजूला आहे. ह्लुबींनी ती जागा पुढची साठ वर्षं कुणाला सांगितली नाही.